ग्रहण सुटेपर्यंत

चंद्राची कड काळी पडली तशी गुलाबने सासूचा हात धरला. “आत्याबाई, लागलं!”

भिलाईतली क्वार्टरांची ती अख्खी लाईन संध्याकाळीच अंगणात उतरली होती. कोणी खाट टाकली होती, कोणी ओट्यावर बसलं होतं. तिकडे प्लांटात भट्टीतला तापलेला मळ, स्लॅग, ओतला की अर्धं आभाळ लाल व्हायचं आणि लोक चिडायचे. आजच्या दिवस जरा थांबले असते तर यांचं काय बिघडलं असतं?

घरात होती ती एकटी शेजारची मनकर्णा. तिला सातवा होता. तिच्या सासूने बाहेरून कडी घातली होती आणि खिडकीला घोंगडी लावली होती. घोंगडीमागून सारखा आवाज यायचा, “वो, किती गिळला?”

“तू सरळ पडून राय!” गुलाबची सासू तुळसाबाई इकडून दरडावायची. गरवारबाईचे नियम तिला तोंडपाठ होते. ग्रहण पाहायचं नाही, काही चिरायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही.

गुलाब पदराआड हसली. तिलाही दिवस गेले होते. तिसरा महिना. पण तिने नवऱ्याला, केवलरामलाही पत्ता लागू दिला नव्हता. सांगितलं की घोंगडीमागे जावं लागणार. कॅलेंडरात ग्रहण दिसलं त्याच दिवशी तिने ठरवलं होतं, आधी चंद्र, मग पेढे. गेल्या महिन्यात तर तिने कमालच केली. कावळा शिवला म्हणून चार दिवस मागच्या पडवीत वेगळी बसली. कावळा कुठला नि काय! सासूच्या हातच्या भाकरी आयत्या खाल्ल्या.

चंद्र पुरता झाकला. पाण्याच्या घासलेल्या तांब्याच्या गुंडासारखा झाला. कुठे कुठे दडलेल्या चांदण्या भराभर बाहेर आल्या. गुलाबला इतका आनंद झाला की तिचा हात आपोआप पोटावर गेला. “चंद्र पाय रे, पाय,” ती पुटपुटली.

ग्रहण सुटलं. आंघोळी झाल्या. मागायला आलेल्यांच्या झोळीत दान पडलं. मनकर्णाची कडी निघाली तेव्हा वर रोजचाच चंद्र होता. “माह्या लेकरासाठी पडून रायली बाई,” ती डोळे पुसत म्हणाली.

गुलाबच्या काळजात चर्र झालं. आपण हौसेपायी हे काय करून बसलो? पोराला काही झालं तर? आता तिला लपवणं जमेना. चुलीपाशी मान खाली घालून तिने सगळं सांगून टाकलं, पडवीतल्या चार दिवसांसकट.

तुळसाबाईने चुलीत फुंकर घातली.

“मले सहा लेकरं झाले,” ती म्हणाली. “सहाही खेपा मी सांगून मोकळी झाली, अन् अंधारात पडून रायली. एक गिऱ्हान पाह्यलं नाही. तरी धाकट्याचा कान वाकडा निघालाच.”

गुलाबचा जीव भांड्यात पडला. “मंग आता तुमच्या लेकाले सांगू का? ड्युटीवरून येतच असतीन.”

तुळसाबाईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“अजून पंधरा दिवस तोंड मिटून राय. अमावस्येले सूर्यगिऱ्हान हाय.”