डोंगरराजा सालवोर

धुकं आलं ते नदीच्या बाजूनं, भर दुपारी, आणि दहा मिनिटांत ओद्दुरला स्वतःच्या घोड्याचे कानही दिसेनासे झाले.

पठारावर आडवी ओळ धरून नऊ घोडेस्वार मेंढ्या खाली हाकत होते. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या गावच्या मेंढ्या सप्टेंबरात अशाच गोळा करून आणायच्या. ओळीच्या मधोमध चालतो तो डोंगरराजा. तो सांगेल तसं बाकीच्यांनी वागायचं. सव्वीस वर्षं ती जागा ओद्दुरची होती. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा गावच्या बैठकीत त्यानंच सालवोरचं नाव पुढे केलं. बाई असली तरी पदाचं नाव राजाच राहिलं. आज ती मधे होती आणि ओद्दुर तिच्या उजव्या हाताला, साधा स्वार.

धुक्यात काय करायचं हे ओद्दुरला पाठ होतं. वारा डाव्या गालावर ठेवायचा आणि नदी लागेपर्यंत चालत राहायचं. थांबलं की मेंढ्या फुटतात, पुन्हा वर पळतात आणि सगळा दिवस पाण्यात जातो. तसं ओरडून सांगायला त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात ओळीच्या मधून सालवोरचा आवाज आला. "थांबा. आहात तिथेच उतरा."

त्यानं तोंड मिटलं आणि तो उतरला.

थोड्या वेळानं उजवीकडून ब्रिन्यार घोडा ओढत आला. राजाच्या जागेवर त्याचाही डोळा होता आणि ते त्यानं कधी लपवलं नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला की मेंढ्या निसटताहेत, उद्या मेंढवाड्यापाशी सगळं गाव वाट बघत उभं राहणार आणि आपण रिकाम्या हातानं जाणार. तुम्ही एक शब्द टाकलात तर सगळे चालू लागतील.

हे खरं होतं. एक शब्द पुरला असता. अडलेला घोडा ओढताना लागला नसेल एवढा जोर ओद्दुरला तो शब्द गिळायला लागला.

"मला कशाला विचारतोस?" तो म्हणाला. "राजा तिकडे आहे."

मग सालवोरनं ओळीनं नावं सांगायला लावली, डावीकडून सुरुवात करून. एकेक नाव धुक्यातून येत गेलं. ओद्दुरनं आपलं सांगितलं, ब्रिन्यारनं त्याचं. त्याच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला काउरी होता. बंदरावरच्या शाळेत मास्तर, पहिल्यांदाच डोंगरावर आलेला. त्याचं नाव आलं नाही. ब्रिन्यारनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारताना त्याचा आवाज चिरकला.

सालवोर घोडा धरून चालत आली. काउरी शेवटचा कधी दिसला, एवढंच तिनं ब्रिन्यारला विचारलं. तू जागा का सोडलीस, हे विचारलं नाही. मग ती ओद्दुरकडे वळली.

"उजवीकडची दलदल तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही. तुम्ही जा. ब्रिन्यार, दोर घे आणि त्यांच्या मागे राहा. दर शंभर पावलांवर हाक द्या, मी ओ देईन. माझी ओ आली नाही तर परत फिरायचं."

तिनं थेट त्याला हुकूम देण्याची ही पहिलीच वेळ. आवाज किंचित कापत होता, पण तिनं पुढे ‘जमेल का’ असं काही जोडलं नाही. ओद्दुरला ते फार आवडलं. तिच्या जागी तो असता तर स्वतःच धावला असता आणि मधली जागा ओस पडली असती.

"जातो," तो म्हणाला.

शंभर पावलं, हाक, ओ. पुन्हा शंभर पावलं. सातव्या हाकेनंतर एका उंचवट्याआड घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं. घोडा पाठीपर्यंत रुतला होता. काउरी कमरेइतक्या चिखलात उभा राहून त्याचं तोंड दोन्ही हातांनी चिखलाच्या वर धरून होता. एका मेंढीमागे तो भरकटला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता आणि ओठ निळे पडले होते.

आधी माणूस निघाला, मग अर्ध्या तासानं घोडा. तेवढा वेळ ब्रिन्यार छातीपर्यंत चिखलात उतरून घोड्याच्या पोटाखालून दोर घालत होता. येताना हाका ओद्दुरनं मारल्या. सालवोरचा आवाज पार घोगरा झाला होता, पण दर वेळी ओ आली.

तिनं आपला कोरडा स्वेटर काढून काउरीच्या अंगात चढवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवख्या माणसाला टोकाला मी ठेवलं. चूक माझी आहे. उद्या तो माझ्या शेजारी चालेल."

धुकं उठलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. दोनशेच्या वर मेंढ्या पुन्हा डोंगरावर पांगल्या होत्या. उद्याचा सगळा दिवस त्यांच्यामागे जाणार होता. ती एका स्वाराबरोबर मेंढवाड्यावर तसा निरोप धाडून मोकळी झाली.

डोंगरावरच्या लाकडी खोलीत मटणाचा रस्सा आणि काळा पाव वाढून झाला. सालवोर अजून बाहेरच, घोड्यांचे पाय तपासत होती. दार उघडंच होतं. काउरी शेगडीकडे पाठ करून वाडगा दोन्ही हातांत धरून बसला होता.

ब्रिन्यारनं चमचा खाली ठेवला. "ओद्दुर, खरं सांगा. आज मधे तुम्ही असता तर?"

ओद्दुरनं काउरीकडे पाहिलं.

"मी थांबलो नसतो. काउरी नाही हे थेट नदीपाशी कळलं असतं," तो म्हणाला. दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.