सुट्टीचं गाव

"हे गाव," ती म्हणाली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिने बोट टेकवलं. "इथेच राहायचं. महिनाभर."

त्याने चष्मा सारखा करून पाहिलं. पडद्यावर ग्रीसचा किनारा होता, उंदरांनी कुरतडलेल्या कागदासारखा. एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर तिचं बोट नेमकं त्याच बंदरावर होतं. त्याने हातातला कप खाली ठेवला. बशीचा आवाज जरा जास्तच झाला.

"तिथं काय आहे बघायला?" तो म्हणाला. "गोदी आहे नुसती. क्रेन, तेलाचा वास आणि मांजरं. सुट्टीला कुणी गोदीत जातं का?"

समोर बसलेला मेव्हणा हसला. "कप्तान, जन्म बोटीत काढलात आणि आता बंदरालाच नावं ठेवताय?"

तो कधीच कप्तान नव्हता. बोटीच्या पोटात, इंजिनांच्या धडधडाटात त्याची सगळी नोकरी झाली होती. पण मेव्हण्याने लग्नातच हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. एरवी त्यावर तो हसायचा. आज त्याला हसू आलं नाही.

"त्यापेक्षा एखाद्या बेटावर जाऊ," तो म्हणाला. "पांढरी घरं, निळं पाणी. तुला आवडेल."

"बेट नको."

"मग इटली?"

"इटली पुढच्या वर्षी."

"बरं, निदान सप्टेंबरात जाऊ. जुलैत तिथं अंगाची नुसती लाही होते."

"जुलैतच जायचंय. दुकानातून रजासुद्धा घेतलीय."

चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची. स्वतःच्या ऑपरेशनलाही तिने आठवड्यापेक्षा जास्त रजा घेतली नव्हती. साधी भाजी कुठली करू, हेही दोनदा विचारणारी बाई. आणि आज गाव, महिना, राहायची जागा, सगळं ठरवून बसली होती. हॉटेल नाही, स्वयंपाकघर असलेलं घर.

मेव्हण्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "तुमचं काय ते ठरलं की कळवा," म्हणत त्याने चपला घातल्या. दार लागलं.

त्या बंदरात त्याची बोट एकदा अख्खा हिवाळा अडकून पडली होती. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट तुटला होता, सुटा भाग यायला महिने लागले. गोदीच्या फाटकासमोर एक बाई खानावळ चालवायची. घरी लग्नाची बायको वाट बघतेय, हे त्याला रोज आठवत होतं, आणि तरी तो रोज तिथे जात होता. पुढच्या सफरीत दुसऱ्या बोटीवरच्या एका दोस्ताने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, खानावळवालीला मुलगी झालीय. त्यानंतर त्याने कंपनीच बदलली. त्या बंदरात परत पाय ठेवला नाही.

इकडे घरी मूल होत नव्हतं. बायकोबरोबर तो डॉक्टरांकडे जायचा. एकेका दवाखान्यात तिच्या शेजारी मान खाली घालून बसायचा. आपल्यात काही कमी नाही, हे त्याला तपासणीआधीच माहीत होतं, आणि ती मात्र घरी येऊन विचारायची, "दोघांपैकी कुणामुळे असेल हो?" तो म्हणायचा, "काय करायचंय जाणून?" शेवटी तिने विचारणं सोडलं होतं.

"गुडघ्याचं कारण राहिलं तुमचं," ती आता म्हणाली. "तेही सांगून टाका. नाहीतर खरं काय ते सांगा."

तो उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कुणी हात हलवून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होता. गाडी लागेपर्यंत तो बघत राहिला. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच बोलला.

"त्या गावात माझी मुलगी आहे."

मागे काहीच हललं नाही. त्याला वाटलं, आता कप फुटेल. निदान खुर्ची तरी सरकेल.

"इकडे तोंड करून सांगा," ती म्हणाली.

तो वळला. पुन्हा सांगितलं.

"हिवाळ्यापासून वाट बघतेय मी. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून." तिचे डोळे कोरडे होते आणि लाल होते. "तिचा फोन आला होता. तुमच्या त्या दोस्ताकडून नंबर मिळवला तिने. तुम्ही बाजारात गेला होतात. तिने कोण ते सांगितलं, आणि मी फोन आपटला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणालात, पित्त झालं असेल."

त्याला ते पित्त आठवलं. त्याने आणून दिलेली गोळीही आठवली.

"मग मीच तिला फोन लावला. आता रोज बोलतो आम्ही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिची आई गेली गेल्या वर्षी."

तो येऊन खुर्चीत बसला. खानावळीतल्या त्या बाईचा चेहरा आठवायचा त्याने प्रयत्न केला. आला नाही. समोर बायकोचाच चेहरा होता.

"तू भांडत का नाहीस?" त्याने कसंबसं विचारलं.

"भांडणार आहे. कडाकडा भांडणार आहे, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं. पण ते परत आल्यावर." तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे ओढला. "आत्ता त्याला वेळ नाही."

"कसली एवढी घाई आहे?"

"जुलैत तिचे दिवस भरतायत, नवरा बोटीवर आहे," ती तिकिटं शोधता शोधता म्हणाली, "आणि पहिल्या बाळंतपणाला मुलीजवळ आई लागते."