बर्फावरची खोपी

"बॅटरी नीट धर," रेइनो म्हणाला आणि त्यानं ट्रेलरच्या तळाला करवत लावली.

आयला गुडघ्यांवर बसून उजेड दाखवत होती. एके काळी लोक हा ट्रेलर गाडीला जोडून उन्हाळ्यात भटकायला जायचे. आता त्याच्या गादीत उंदरांच्या तीन पिढ्या वाढल्या होत्या. गादी, मोरी, संडास सगळं उपटून बाहेर टाकून झालं होतं. तळाला चार गोल भोकं पाडायची, चाकं वर दुमडतील अशी सोय करायची, कोपऱ्यात शेगडी बसवायची. मग तळं गोठलं की हा डबा ओढत मधोमध न्यायचा, भोकांखालचा बर्फ फोडायचा आणि उबेत बसून गळ सोडायचे. रेइनोचा बेत असा होता.

आयलाला तो अजिबात मान्य नव्हता. रेइनो, तिचे वडील, एकोणऐंशी वर्षांचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे बर्फावर पाऊल टाकायचं नाही.

सप्टेंबरात नवरा ग्लेन गेला. त्याचं सगळं आटोपून ती डलूथ शहरातून माहेरी आली. "बाबांजवळ कुणीतरी हवंच ना," असं ती शिकवायची त्या शाळेतल्या मैत्रिणींना तिनं सांगितलं होतं. पहिला महिना तिच्या हातून फारसं काही झालं नाही. माडीवरच्या खोलीतच असायची. एका सकाळी अंगणात घरघर ऐकू आली म्हणून तिनं खिडकीतून पाहिलं, तर हे गंजकं धूड उभं आणि बाबा त्याच्याखाली आडवे. रात्रीच्या कपड्यांवरच बूट चढवून ती धावली.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"बरं झालं आलीस. तो पाना दे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लाहतेला घराण्यात कुणी वादानं ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आयलानं दुसरी वाट धरली. ट्रेलरचं वजन पेलेल इतका बर्फ नाताळानंतर होतो आणि मार्चच्या मध्याला मासेमारीच्या अशा सगळ्या खोप्या तळ्यावरून हटवाव्याच लागतात, तसा कायदाच आहे. काम तोवर लांबलं की झालं.

चाकाचा नट तिच्या कोटाच्या खिशात गेला. रेइनो दोन दिवस शोधत बसला, तिसऱ्या दिवशी वीस मैलांवरून नवा घेऊन आला. धुराड्याची नळी त्यानं चार इंची सांगितली, तिनं दुकानात तीन इंची मागितली. फटी बुजवायचा मसाला बाहेर विसरल्यासारखा ठेवला, तो गोठून दगड झाला.

काही गोष्टी तिला कराव्याही लागल्या नाहीत. चौथं भोक नेमकं चाकांच्या आसावर आलं. रेइनो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"वय झालं, पोरी. मापंसुद्धा चुकायला लागली."

ते बुजवून नवं पाडण्यात आठवडा गेला. शनिवारी नीट बसवलेलं दार सोमवारी लोंबकळताना दिसलं. आयलाला बापाची कीव आली आणि मनातून बरंही वाटलं.

एकट्याला जमणारं काम ते नव्हतंच. एक टोक त्यानं धरायचं, दुसरं तिनं. ती रिबिट मारायला शिकली, पत्रा कापायला शिकली. दुपारी दोनला कडकडून भूक लागायची. मग ट्रेलर आत ओढलेल्या शेडमध्येच कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. एकदा पाव मोडता मोडता ती ग्लेनबद्दल बोलायला लागली. सासऱ्याला मासेमारीत आपण पारंगत आहोत हे दाखवायला निघालेला ग्लेन आमिषाच्या बादलीसकट धक्क्यावरून पाण्यात कसा पडला, ते सांगताना ती खदखदून हसली. हसता हसता रडू फुटलं. थोड्या वेळानं रेइनोनं तिच्या हातात कानस दिली.

"ही कड घासून दे. बोचतेय."

जानेवारीत ऑर्विल डोकावला. तळ्याकाठी त्याचं आमिषाचं दुकान. ट्रेलर त्याच्याच परसातून आला होता.

"रेइनो, महापुरातली नोहाची नाव याहून लवकर तरंगली रे!"

"नोहाला पोरगी नव्हती मदतीला," रेइनो म्हणाला.

मार्चमध्ये छपरावरचा बर्फ ठिबकायला लागला. चौदा तारखेला शेगडी पेटली आणि धूर सरळ वर गेला.

"झालं एकदाचं," रेइनो म्हणाला.

"पण बाबा, आता तर खोप्या हटवायची वेळ आली."

"हो ना. पुढच्या वर्षी बघू."

आयलानं तोंड फिरवलं, चेहऱ्यावरचं हसू त्याला दिसू नये म्हणून. छातीवरचा धोंडा उतरला होता. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी तिनं शाळेला पत्र लिहिलं, ईस्टरनंतर मी कामावर येते.

उसना आणलेला जॅक परत करायला ती ऑर्विलच्या दुकानात गेली. तिला राहवेना.

"ऑर्विलकाका, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते." आणि तिनं नट, नळी, मसाला सगळं कबूल केलं. "काय करणार? नाहीतर गेले असते ना ते बर्फावर!"

ऑर्विलनं हातातली जाळी खाली ठेवली.

"बर्फावर? रेइनो? अगं, त्यानं आपले गळ, बर्फ फोडायचं यंत्र, सगळं मागच्याच वर्षी मला देऊन टाकलं."

"मग हा ट्रेलर?"

"ऑक्टोबरात आला होता माझ्याकडे. इथंच उभा होता, तू उभी आहेस तिथं. म्हणाला, 'ऑर्विल, तुझ्याकडचा सगळ्यात मोडका ट्रेलर दे, हिवाळाभर काम संपता कामा नये. पोरगी अंथरुणातून उठत नाहीये.'"