उरलेली दुरुस्ती

अवकाशात फिरणारी ती दुर्बीण दर फोटोत सूर्याच्या थोडं डावीकडंच बघायची. नेम का चुकतोय ते मी कोल्हापुरात, आमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसून शोधलं. कॉलेजची पायरी चढलो नव्हतो. दुरुस्ती जमली तर बंगळूरला नोकरी पक्की.

निम्मी दुरुस्ती बंगळूरच्या साहेबांनी सकाळी दुर्बिणीला दिली. दुपारी त्यांचा ट्रंककॉल आला, "सूर्य मधे सरकतोय! उरलेली देऊ का?"

तेवढ्यात आई अंगणातनं ओरडली, "बंडू, पापड सावलीत आलं की रं माझं!"

"जागा चुकली असंल तुझी."

"लग्न झाल्यापासनं हीच जागा हाय. मी चुकीन व्हय?"

"बंडू, देऊ का?" साहेब परत म्हणाले.

माझ्या डोळ्यापुढं नोकरी होती. मी म्हटलं, "द्या."

आई एक पापड हातात घेऊन नुसती उभी होती. तिची सावली हळूच फिरली, खाली वाळत घातलेल्या पापडांवरनं सरकली आणि दुकानाच्या उंबऱ्याशी आली. एवढं मोठं काहीतरी हललं, पण आवाज कसलाच नव्हता. रिसीव्हरमधनं साहेब ओरडले, "सूर्य मधोमध आला!"

"बंडू," आई सावलीकडं बघत म्हणाली, "मी जाग्यावरच हाय न्हवं?"