दाराबाहेरच्या चपला

चपला आत घ्यायला जिन्यात पाऊल टाकलं आणि मागे दार आपोआप बंद झालं. दाराबाहेर चपला काढायची आमची सवय; फ्रान्समधल्या या भाड्याच्या फ्लॅटची सूचना मात्र होती, जिन्यात काही ठेवू नका. दाराला बाहेरून मूठच नाही. किल्ली नवऱ्याकडे, तो पाव आणायला गेलेला. फोन आत. दोन वर्षांची माझी रेवाही आत.

“आई लपली!” ती खिदळली. मग स्टूल ओढल्याचा आवाज दूर जाऊ लागला, बाल्कनीकडे. कपडे वाळत घालून तिथलं दार मी उघडंच ठेवलं होतं. चौथा मजला.

“रेवा, तिकडे नको!” मी दार बडवलं. ती आणखीच हसली. समोरच्या आजीबाई बाहेर आल्या, ओठांवर बोट ठेवून रागावल्या. मी दाराकडे बोट केलं, हाताने रेवाएवढी उंची दाखवली.

मग दाराखालच्या फटीला तोंड लावून लाडात म्हटलं, “रेवा, कुक!”

आवाज थांबला. इवली पावलं धावत आली. “कुक!”

“कुक!” मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा शब्दच फुटेना. आत स्टूल परत सरकलं.

आजीबाई कशाबशा गुडघ्यांवर बसल्या आणि फटीशी वाकून म्हणाल्या, “कुकूऽ!”

रेवा खुदकन हसली, दाराच्या अगदी जवळून.