चार बोटं खाली

उमरावजी सरपंचांच्या राजदीपने घरच्या गाडीला नागपुरातून आखूड स्प्रिंगा आणि भारीतले शॉकअप बसवून आणले. गाडी चार बोटं खाली आली. अख्ख्या गावाने कौतुक केलं, फक्त शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरने तिचं पोट खरवडलं. तिसऱ्या दिवशी ब्रेकर फोडायला मजूर हजर, सोबत स्वतः उमरावजी.

शाळेत खिचडी शिजवणारी कुंदाबाई हातातल्या झाऱ्यासकट धावत आली. दोन वर्षांपूर्वी इथेच टिप्परखाली तिच्या नातीचा पाय गेला होता. त्यानंतर आठ दिवस बायका घेऊन रस्त्यावर बसली, तेव्हा हा ब्रेकर झाला.

"ब्रेकर कायले फोडून राहिले जी?"

"राजदीपची गाडी घासते."

"मंग गाडी वर करा ना!"

"येडी का तू? खाली करायलेच त नागपूरले नेली होती."

"आन लेकरं?"

"मास्तरले सांगतो, रस्ता पाहून वलांडाले शिकवा म्हणून. शाळा कायले आहे मंग?"

कुंदाबाई रस्त्यावरच पच्चकन थुंकली आणि आत गेली.

संध्याकाळी ती घरी निघाली, तर तेच मजूर सरपंचांच्या घरापुढे नवा ब्रेकर बांधत होते. राजदीपची गाडी ज्या बाजूने कधीच येत नाही, त्या बाजूला. उमरावजी खुर्ची टाकून जातीने लक्ष देत होते.

"अजून उंच घ्या रे," ते मजुरांना म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "नातू चालाले लागला आमचा, कुंदाबाई. आन लोकं गाड्या कशा हाकलतात, तुले त माहीतच आहे."