ओव्हाळचा भुंगेरा

नाडकर्णीसरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि भिंग पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. त्यांची विद्यार्थिनी मैथिली हिने स्पितीच्या खिंडीतल्या दगडांखालून आणलेल्या त्या काळ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर तांबूस खळग्यांच्या तीन रांगा होत्या.

"नवीनच जात आहे, सर. तुमचंच नाव देणार आहे," ती उत्साहाने म्हणाली.

सरांना ते दुरून आल्यासारखं ऐकू आलं. तीस वर्षांपूर्वी त्यांचा विद्यार्थी किसन ओव्हाळ याने याच तीन रांगांचं चित्र काढून आणलं होतं. त्याचा नमुना स्पितीहून आणताना वाटेतच चुरला होता. "असा किडा असूच शकत नाही. चित्रं रचून पदवी मिळत नसते," असं सर्वांदेखत सुनावून त्यांनी त्याचा प्रबंध परत केला होता. किसन पुन्हा कधी संस्थेत दिसला नाही.

"माझं नाव नको," सर कसंबसं म्हणाले. "ओव्हाळचं घाल."

"ओव्हाळ कोण?"

"ज्याने हा तुझ्याआधी पाहिला."

"मग त्यांना कळवायला हवं, सर. कुठे असतात ते?"

 तीस वर्षांत सरांनी ते कधी कुणाला विचारलंच नव्हतं.